मुलाण्याची सुरी, मढीची रेवडी

शारजात राहणारा माझा एक कॉलेजमित्र आणि त्याची आई यंदाच्या थंडीत नगर जिल्हा बघायला आले. मूळचे चिपळूणकडचे कोकणी मुसलमान. घरात बोलणं कोकणी, कपाटात पुस्तकं मराठी आणि उर्दू. मित्र एका प्रवासी कंपनीत नोकरीला आहे आणि हलाल पर्यटन हे त्याचं खातं. जेवण हलाल मिळेल, खोलीत किब्ल्याची दिशा दाखवणारा बाण असेल, फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या नसतील, नमाजाला जागा आणि वजूला पाणी असेल, रमजानात पहाटे सहरीचं ताट खोलीवर येईल, अशी हॉटेलं शोधायची, त्यांच्याशी दर ठरवायचे आणि सहली विकायच्या, हे त्याचं काम. सिंगापुरात 2008 साली क्रेसेंटरेटिंग नावाची कंपनी निघाली, तिने या हिशेबाने हॉटेलांना गुण द्यायला सुरुवात केली. आता मास्टरकार्डच्या जोडीने ती देशांचीही क्रमवारी काढते आणि मलेशिया त्यात वर्षानुवर्षं वर असतो. जपान आणि थायलंड हे काही मुसलमानी मुलूख नव्हेत. पण गिऱ्हाईक पैसे घेऊन येतंय म्हटल्यावर जपानच्या विमानतळांवर नमाजाच्या खोल्या निघाल्या आणि बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलालचं शास्त्र तपासणारं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं.

मित्राच्या डोक्यात खुलदाबाद, वेरूळ, शिर्डी, नगर अशी एक सहल होती. गिऱ्हाईक आखातातलं आणि मुंबईतलं. त्याच्या आईला मी कॉलेजपासून खाला म्हणतो. तिला सहलीशी देणंघेणं नव्हतं. तिला नगरच्या किल्ल्यातली मौलाना आझादांची खोली बघायची होती. गाडी नगरची, गाडीवाले काका पाथर्डी तालुक्यातले. कपाळाला अष्टगंध, आरशाला नाथांचा फोटो आणि बोलायला मोकळे. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर 2024 पासून अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात. काकांच्या तोंडी मात्र पूर्ण प्रवासात नगरच होतं, आणि चौंडीच्या अहिल्याबाईंबद्दल बोलताना ते दरवेळी हात जोडत होते. दोन्ही त्यांना जमतं.

पुण्याहून शिरूर-सुप्याचा सरळ रस्ता सोडून आम्ही दौंड-काष्टीवरून श्रीगोंद्याला गेलो. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागलं. तरी श्रीगोंदं मला चुकवायचं नव्हतं, कारण तिथे शेख महंमदांची समाधी आहे. 'योगसंग्राम' लिहिणारे हे मराठी संत मालोजीराजे भोसल्यांच्या काळातले. मालोजींनी त्यांना मठासाठी जागा दिली, अशी परंपरा सांगते. त्यांच्या घरी मुलाण्याचा, म्हणजे सुरी फिरवण्याचा धंदा होता. बकऱ्याच्या मानेवर सुरी ठेवण्याआधी त्यांनी ती आपल्याच बोटावर चालवून पाहिली, कळ डोक्यात गेली आणि धंदा सुटला, अशी कथा गावोगावच्या कीर्तनांत सांगतात. खालाला ही कथा माहीत नव्हती. तिने समाधीपुढे डोक्यावर पदर ओढून घेतला आणि फातिहा म्हटली. शेजारी तुळशीची माळ घातलेले एक आजोबा डोकं टेकवून उठले आणि खालाला जागा करून देत म्हणाले, "या माउली, निवांत करा." 2025 साली याच जागेच्या नोंदीवरून आणि जीर्णोद्धारावरून गावात आंदोलन झालं. मंदिर की दर्गा, ट्रस्ट कोणाचा, वक्फात नाव कसं लागलं, असे प्रश्न. भांडण सातबारा आणि नोंदवहीतलं आहे. समाधीपाशी त्या सकाळी त्याचा मागमूस नव्हता. सणाच्या दिवशी असतो की नाही, ते मी पाहिलेलं नाही.

जेवायला आम्ही रस्त्याकडेच्या एका 'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या खानावळीत बसलो. पिठलं, ज्वारीची गरम भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. मित्र पेशाने संशयी. त्याने मालकाला तेल कोणतं, तव्यावर आणखी काय भाजता, असं विचारून घेतलं. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक जैन आहे. तो लगबगीने म्हणाला, "कांदा-लसूण नको असंल तर वेगळं करून देतो." खाला हसून म्हणाली, "अरे, याच्यापरीस हलाल आणखी काय असतं?" महाराष्ट्रात फिरणारे कितीतरी मुसलमान हेच करतात. मटणाबद्दल खात्री नसली की सरळ शाकाहारी पाटी शोधतात. मित्राच्या वहीत या खानावळीला जागा नव्हती, कारण तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. मला माझ्या आजीच्या दशम्या आठवल्या. दुधात भिजवलेली दशमी ओवळी होत नाही म्हणून ती एसटीत तीच खायची आणि पाण्याचा तांब्या घरून न्यायची. काशीपर्यंत ती असंच पोट सांभाळत गेली. तिच्यासाठी हॉटेलांची क्रमवारी कोणी काढली नाही, एवढाच फरक.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर ओळखपत्र दाखवून आत गेलो. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पकडून इथे आणले गेले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, आणि मौलाना आझादांनी 'गुबारे-ख़ातिर'मधली पत्रं. ती पाठवायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. खोलीत शिरणाऱ्या चिमण्या, दूध न घातलेला चिनी चहा, पहाटेची थंडी, हे सगळं त्यात आहे. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायला त्यांनी नकार दिला होता. खालाने शाळेत यातली पत्रं पाठ केली होती. ती त्या ओळीच्या खोल्यांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि नंतर भलत्याच विषयावर आली. "दूधवाल्या चहाला त्यांनी नावं ठेवलीत. नगरात येऊन अशी चूक कोण करतं?" बाहेर आल्यावर तिने टपरीवर उकळलेला, साखरेने घट्ट झालेला चहा मागवला आणि दोन कप प्यायली.

नगर शहर मुसलमान प्रवाशाला दाखवायला सोपं आहे आणि अवघडही. अहमद निजामशहाने ते 1490 च्या दशकात वसवलं. त्याचा बाप मलिक हसन मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, बहमनींच्या लढाईत लहानपणी पकडला गेला आणि मुसलमान झाला. पुढे निजामशाहीने पाथरी मिळवण्यासाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर घेतलं. तीच पाथरी 2020 साली साईबाबांचं जन्मस्थान म्हणून निधीच्या यादीत आली आणि शिर्डीने बंद पाळला. नगर जिल्ह्याचे दोन मोठे धागे परभणी जिल्ह्यातल्या एका गावात जाऊन मिळतात, आणि दोन्हींवर भांडण होऊ शकतं. त्यातल्या एकावर झालंच.

शहराच्या कडेला दर्गादायऱ्यात शाह शरीफांचा दर्गा आहे. मूल होत नव्हतं तेव्हा मालोजीराजे आणि उमाबाईंनी इथे नवस केला, दोन मुलगे झाले आणि पिराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं. ही गोष्ट शाळेत शिकवतात, पण दर्ग्यापर्यंत फार थोडे जातात. मित्राने वहीत लिहिलं, 'शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव इथून.' मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे सहलीच्या पत्रकात छापलं तर चालेल ना?" मी म्हटलं, हे छापलंस तर पहिली सहल हिंदूंचीच येईल.

कोठल्यातून जाताना काका मोहरमवर आले. बुऱ्हाण निजामशहा 1537 च्या सुमारास शाह ताहिर या धर्मपंडिताच्या नादाने शिया झाला आणि बारा इमामांचा कोठला त्याच्याच काळातला. नगरचं मोहरम गाजलेलं आहे. बडे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या कत्तलच्या रात्री निघतात तेव्हा खांदा द्यायला, नवस फेडायला आणि सरबत वाटायला हिंदू घरं असतातच. काकांच्या आईने त्यांच्यासाठी इथे नवस बोलला होता. लहानपणी त्यांना हिरवे कपडे घालून, गळ्यात नाडा बांधून फकीर केलं होतं. "आजून बी चोंगे खायला येतो मी," ते म्हणाले. मित्राने विचारलं, "आणि आता लोक काही म्हणत नाहीत?" काका म्हणाले, "म्हणत्यात ना. पोरगाच म्हणतो." पुढे बराच वेळ ते गप्प होते.

भिंगारला आलमगीरच्या, म्हणजे औरंगजेबाच्या, जागेपाशी गाडी थांबवायची की नाही यावर गाडीत थोडी चर्चा झाली. औरंगजेब इथे 3 मार्च 1707 रोजी मेला आणि देह खुलदाबादला नेला. पाव शतक दख्खन जिंकायला बसलेला बादशहा नगरच्या छावणीत संपला, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचताना आपल्याला बरं वाटतं. त्या जागी उभं राहताना मात्र आजकाल लोक फोन खिशात ठेवतात. खालाने प्रश्न सोडवला. ती म्हणाली, "त्याने भावांना मारलं, बापाला कोंडलं. त्याच्यासाठी मी गुडघे कशाला दुखवू?" आम्ही पुढे गेलो.

शिर्डीला जाताना राहुरी ओलांडली की महामार्गाजवळ गुहा हे गाव आहे. तिथल्या एका जागेला हिंदू कानिफनाथांचं स्थान म्हणतात आणि मुसलमान रमजान शाह बाबांचा दर्गा. 2023 साली तिथे हाणामारीपर्यंत गेलं. आम्ही थांबलो नाही. याच पट्ट्यात आडवाटेला शनिशिंगणापूर आहे. जून 2025 मध्ये तिथल्या देवस्थानाने 167 कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, त्यांतले 114 मुसलमान होते. देवस्थानाने कारण दिलं शिस्तभंग आणि गैरहजेरी. त्याआधी चौथऱ्यावर मुसलमान कामगार काम करतानाचं चित्रण पसरलं होतं आणि मोर्चाची तारीख लागली होती. मित्राने विचारलं, "मग आम्ही दर्शनाला गेलो तर अडवतील?" काकांनी आरशातून पाहत सांगितलं, "तुम्हाला कोण अडवतंय? तेल घ्या, रुई घ्या, पैसं टाका." या उत्तरात मला जिल्ह्याचं सध्याचं दुखणं सापडलं. गिऱ्हाईक म्हणून मुसलमान चालतो. पगारावर, गाळ्यावर किंवा नोंदवहीत त्याचं नाव आलं की अडतं.

शिर्डीत मित्राने हॉटेलं पाहिली. लॉजवाल्यांना हलाल पर्यटन समजावायला त्याला फार कष्ट पडले नाहीत. त्यांच्याकडे आंध्रातले, गुजरातचे, मारवाडी, परदेशी असे सगळे येतात आणि प्रत्येकाचं पोट वेगळं असतं. एक व्यवस्थापक म्हणाला, "बाण चिकटवायचा ना छताला? चिकटवतो. दारू तशीही नाही, मटण तसंही नाही. आणखी काय?" आणखी काहीच नव्हतं. देवस्थानच्या गावात राहण्याचे नियम आणि मित्राच्या कंपनीचे नियम जवळजवळ तेच निघाले. प्रसादालयात सौरऊर्जेच्या वाफेवर शिजलेली भात-आमटी आम्ही पंगतीत बसून खाल्ली. खालाच्या डाव्या हाताला मध्य प्रदेशातलं एक कुटुंब होतं. त्यांतल्या सुनेने खालाच्या बुरख्याकडे एकदा पाहिलं आणि मग तिच्या ताटात आपली बुंदी वाढली. तिला गोड वर्ज्य होतं म्हणे.

द्वारकामाईत, म्हणजे साईबाबांच्या मशिदीत, गेल्यावर मात्र मी खालाला हेमाडपंतांच्या 'साईसच्चरिता'तला हंडीचा अध्याय सांगितला. बाबा स्वतः बाजारात जाऊन सामान आणत, भाव करत, रोख पैसे देत, मसाला वाटत आणि अंगणात मोठी हंडी चढवत. उकळत्या हंडीत हात घालून ढवळत, असंही त्यात आहे. कधी गोड भात, कधी मटणाचा पुलाव. बकरं कापायचं असलं की ते मौलवीच्या हातून, शिजलं की मौलवीने फातिहा म्हणायची, मग वाटप. ज्याला मटण चालत नाही त्याला आग्रह नाही. एखाद्या सोवळ्या भक्ताची थट्टा करत तेवढी, पण ताटात जबरदस्तीने वाढलेलं नाही. म्हणजे शिर्डीत अन्नछत्राच्या कितीतरी आधी एक हलाल हंडी होती, ती मशिदीत चढत होती आणि तिच्याभोवती कुलकर्णी, पाटील, मारवाडी बसत होते. 1897 साली कोपरगावच्या गोपाळराव गुंडांनी इथे उरूस सुरू केला. पुढे 1911 च्या सुमारास त्याच दिवशी रामनवमी धरली गेली. संदलची मिरवणूक आणि रामजन्म एकाच दिवशी, एकाच गावात, एकमेकांच्या वेळा सांभाळून. व्यवहाराचा विचार केला तर ही मोठी कसरत आहे. वेळापत्रक कोणीतरी लिहिलं असणार, रस्ता कोणी आधी वापरायचा ते ठरलं असणार, वाजंत्री कुठे थांबवायची तेही. भाईचाऱ्याच्या भाषणांत हे कष्ट कोणी सांगत नाही.

शिर्डीहून परत नगरवरून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की शाह डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती अष्टकोनी, तीन मजली कबर. पण नगरकरांनी ती चांदबिबीला देऊन टाकली, कारण अकबराच्या फौजेपुढे तटावर उभी राहिलेली बाई लक्षात राहते आणि वजीर राहत नाही. पुढे करंजीचा घाट. घाट उतरल्यावर काकांनी न विचारता गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली. "साडूची कंदुरी हाय. जेऊन जाऊ. खालांना चालंल, मुलाणी हाय आमच्याकडं."

कंदुरी नगर-मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला समजावून सांगावी लागेल. पोरगं आजारातून उठलं, विहिरीला पाणी लागलं, लग्न जमलं, की पिराला बोकड द्यायचा. नवस बोलणारा बहुतेक वेळा हिंदू. भावकी, सोयरे आणि गाव जेवायला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो आणि मोटारसायकलींवरून माणसं पन्नास-पन्नास किलोमीटर येतात. मित्र ज्याला हलाल पर्यटन म्हणून शारजात बसून विकतो, ते इथली मराठा, वंजारी, धनगर घरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, स्वतःच्या खर्चाने आणि बिनप्रमाणपत्राचं.

पिराचं थडगं एका लिंबाखाली होतं, चुना लावलेलं, वर हिरवी चादर. मुलाणी पन्नाशीचे, पायजम्याच्या पायांवर जुने डाग, हातात आखूड दांड्याची सुरी. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावरून आडवी ओढून धार पाहिली आणि बोकडाला तांब्यातून पाणी पाजलं. त्याचं तोंड पश्चिमेला करून एका पोराला मागचे पाय धरायला लावले. 'बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर' एवढंच, हळू आवाजात, आणि सुरी एकदाच फिरली. रक्त पूर्ण वाहून जाईपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. एका तरुणाने घाई केली तेव्हा ते फक्त "थांब" म्हणाले. मग त्याच तरुणाने, काकांच्या साडूच्या मुलाने, बोकड फांदीला उलटा टांगला आणि सोलायला घेतला. मुलाण्याला कातडं आणि ठरलेले पैसे. ते बाजूला जाऊन हात धुऊन विडी ओढत बसले.

बायका तीन दगडांच्या चुलींवर बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या. काळ्या मसाल्याचा रस्सा मोठ्या पातेल्यात, आणि दहा पावलं लांब दुसऱ्या चुलीवर छोटं पातेलं, त्यात डाळ-वांगं. ते माळकऱ्यांचं. पळी वेगळी, वाढपी वेगळा. मलिदा आधी पिराला, मग लहान पोरांना. खाला रस्सा जेवली, मीही जेवलो, काका छोट्या पातेल्यातलं जेवले, कारण गुरुवार होता. मित्राने वहीच काढली नाही. तो भाकरी कुस्करून ओरपत होता.

हे नवं काही नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' 1915 साली आला, त्यात मुलाणा बलुतेदारांमध्ये आहे, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्या पंगतीत. गावची मशीद सांभाळायची आणि गावासाठी सुरी फिरवायची, बदल्यात खळ्यावर धान्य घ्यायचं. अनेक गावांत म्हसोबाचा, खंडोबाचा, मरीआईचा बोकडसुद्धा मुलाण्याच्या हातून कापला गेल्याशिवाय मराठ्यांच्या ताटात येत नसे. याला प्रेम म्हणू नये. बलुतं हे बलुतं होतं, त्यात मान होता तशी पायरीही होती, आणि त्याच कंदुरीत गावकुसाबाहेरचा माणूस कुठे बसायचा तेही ठरलेलं होतं. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती. हलालसाठी मुसलमानाला हिंदू यजमान लागत होता आणि नवस फेडायला हिंदूला मुलाणी लागत होता. एकमेकांशिवाय दोघांचंही जेवण अडत होतं.

मार्च 2025 मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी, नितेश राणे यांनी, मल्हार प्रमाणपत्र जाहीर केलं. झटका मटण विकणाऱ्या हिंदू खाटकांसाठी. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जत-नेरळ भागातल्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात 'हलाल' राहणीमान म्हणून फिरली आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. (नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे, राशीनच्या देवीचं. तिथल्या लोकांना त्या आठवड्यात बाहेरगावचे फोन आले असतील.) मंत्र्यांचं प्रमाणपत्र आणि बिल्डरची जाहिरात एकमेकांविरुद्ध उभी दिसतात. मला ती एकाच कारखान्यातली वाटतात. दोन्हींत ग्राहकाला सांगितलेलं असतं की तुला शेजाऱ्याची गरज पडणार नाही.

हे मी मित्रालाही बोललो. त्याच्या कंपनीचा शिरस्ता असा आहे की गाडीवाला मुसलमान, वाटाड्या मुसलमान, स्वयंपाकी मुसलमान. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी विचारलं, मग काका कुठे बसणार? आणि काका नसते तर तुला आज मुलाण्याच्या सुरीचं मटण कोणी घातलं असतं? तो म्हणाला, "गिऱ्हाईक हमी मागतं. मी काय, काकांच्या साडूची हमी देऊ?" त्याचंही खरं आहे. आखातातून पैसे भरून आलेल्या माणसाला लिंबाखालचा ओळखीचा मुलाणी पुरत नाही, त्याला कागद लागतो. तरीही पत्रकात गाडीवाल्याचा धर्म लिहायची गरज काय, हे त्याला सांगता आलं नाही.

मढी दुपारी उन्हात निवांत होती. टेकडीवर किल्ल्यासारखा तट, आत कानिफनाथांची समाधी. औरंगजेबाच्या कैदेतून शाहू सुटावेत म्हणून येसूबाईंनी इथे नवस केला आणि तो फळल्यावर बांधकाम करवलं, असं सांगतात. ही भटक्यांची पंढरी. गोपाळ समाजाच्या मानाची होळी इथे पेटते. वैदू, कैकाडी, गारुडी, बेलदार असे सगळे येतात. त्यांच्या जातपंचायती इथे भरत. रंगपंचमीला गाढवांचा बाजार असतो. प्रसाद रेवडीचा. 1884 च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये या स्थानाचं दुसरं नावही आहे, शाह रमजान माही सवार, माशावर बसून गोदावरी ओलांडणारा पीर. एका समाधीला दोन नावं आणि वर चढवलेल्या काठ्यांवर अठरापगड निशाणं.

22 फेब्रुवारी 2025 च्या ग्रामसभेत मढीने ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. कारण दिलं ते पथ्याचं. यात्रेआधी महिनाभर गावात तळण करत नाहीत, लग्न लावत नाहीत, शेतीची कामं थांबवतात, बाजेवर झोपत नाहीत, आणि बाहेरचे दुकानदार हे पाळत नाहीत असं सरपंचांचं म्हणणं. प्रशासनाने ठरावाची चौकशी लावली. पथ्याचं दुःख मी समजू शकतो. महिनाभर कढई न चढवलेल्या गावात कोणी भजी तळायला बसलं तर राग येणारच. पण मग नियम कढईवर करायला हवा होता. बाहेरून येणारा हिंदू मिठाईवाला महिनाभर बाजेवर झोपला नव्हता, याची चौकशी कोणी करत नाही.

पायऱ्यांखालच्या गाळ्यांत रेवडी विकायला दोनतीन दुकानं उघडी होती. तीळ चिकटवलेली, गुळाच्या पाकाची, दातांना घट्ट. खालाने चव घेतली, भाव केला, अर्धा किलो घ्यायची ती एक किलो घेतली. दुकानदाराने तिला विचारलं, कुठून आलात, आणि चिपळूण म्हटल्यावर 2021 च्या पुरात त्यांचे पाहुणे तिकडे कसे अडकले ते सांगत बसला. तिने वर जाऊन समाधीवर फुलं वाहिली. कोणी काही विचारलं नाही. परत येताना गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून ती पायरीवर टेकली आणि काकांना म्हणाली, "यात्रेला फार मजा असेल ना? रंगपंचमीला मी परत येऊ का?"

"या की," काका म्हणाले. "मी स्टँडवर घ्यायला येतो, राहायला माझ्या घरी. फकस्त रेवडीचं दुकान टाकू नका म्हंजी झालं."

खाला इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मित्राने विचारलं, रंगपंचमी पुढच्या वर्षी कितव्या तारखेला आहे.